अर्धी राहिलेली अकरावी उठाबशी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका सुचिता वानखडे मॅडम, वाशीमचा दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या, हाडांच्या डॉक्टर उज्ज्वला इंगोले मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, मेडशीहून आलेले देवमनभाऊ आणि बेबीताई, आणि माझ्या शिट्टीला तेहतीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातलेले सर्व आजी-माजी खेळाडू,

माझ्याआधी सहा जण बोलले. सहाही जणांनी सांगितलं की देवमनभाऊंची धम्मदीपा आज पोलिसात आहे ती उकंडराव सरांमुळे. ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी नुसता निवृत्त होतोय, वर चाललो नाही. इतकं चांगलं बोलायची गरज नव्हती. धम्मदीपा तिथं दुसऱ्या रांगेत बसली आहे. खरं काय झालं ते तिला आणि मलाच माहीत आहे. आज सगळ्यांना सांगतो.

माझी एक तपासणी होती, जुन्या पोरांना आठवत असेल. कोणी म्हणालं, सर, पाय दुखते, की मी म्हणायचो, वीस उठाबशा काढ. निघाल्या तर पाय चांगला, दुखणं खोटं. दहातली नऊ पोरं चौथ्या उठाबशीला बरी व्हायची. मग मला माझं डॉक्टरी ज्ञान मोठं वाटणार नाही तर काय?

तीन वर्षांपूर्वी धम्मदीपा बारावी होऊन पोलीस भरतीसाठी आपल्याच मैदानावर धावायला यायची. एका सकाळी पोरींबरोबर खो-खो खेळताना खांबाला वळसा घातला, पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. एक्स-रे काढला, हाड साबूत. आता एक्स-रेत हाड दिसतं, दोन हाडांमधली गादी दिसत नाही, हे मला कुठं ठाऊक? मी ठरवून टाकलं, पोरगी भरतीला घाबरली. तीन आठवडे ती सांगत होती, "सर, आतमंदी कायतरी अटकते." शेवटी मी म्हणालो, काढ उठाबशा.

दहा काढल्या तिनं. अकराव्या वेळी खाली बसली आणि तिचा गुडघा सरळच होईना. घाम फुटला होता पोरीला. आणि मी, तिचा गुरू, काय म्हणालो? "ऊठ, नाटकं पुरे."

देवमनभाऊंनी जीप केली आणि तिला मागच्या सीटवर आडवं घालून वाशीमला नेलं. मी सोबत होतो. इंगोले मॅडमनी सांध्याच्या फटीवर बोट दाबलं तशी ती कळवळली. मॅडमनी विचारलं, "असा कशानं अडकला?" मी तिथंच उभा होतो. धम्मदीपा माझ्याकडे न बघता म्हणाली, "पायरी उतरताना." मॅडम, ते खोटं होतं. तिनं मला सांभाळून घेतलं आणि मी घेऊ दिलं.

एमआरआय केला. गादी बादलीच्या कडीसारखी फाटून सांध्यात उलटी पडली होती. मॅडमनी दोन रस्ते सांगितले. दुर्बीण घालून फाटका तुकडा कापून टाकला तर दीड-दोन महिन्यांत धावता येईल, भरती साधेल. पण गादी कमी झाली की हाडं लवकर झिजतात. टाके घालून शिवली तर सहा आठवडे कुबड्या, सहा महिने धावणं बंद, म्हणजे ती भरती गेली. त्यातही शिवता येईल की नाही ते आत पाहिल्यावरच कळणार, कारण गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्त पोचतं आणि जुळायची आशा तिथंच जास्त.

मी पटकन म्हणालो, कापा. काहून म्हणालो? भरती हुकली असती तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. बेबीताईंनी मात्र एकच विचारलं, "मॅडम, माह्या पोरीले चाळिशीत खाली बसता येईन का?" उकिडवं बसून विळ्यानं सोयाबीन सोंगून सोंगून त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. मॅडम म्हणाल्या, "शिवली आणि जुळली, तर आशा जास्त." धम्मदीपानं आईकडे पाहिलं. "मंग शिवा," ती म्हणाली. "भरती पुढच्या साली बी निंघते."

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. तीन आठवडे मी वाया घालवले होते, उठाबशा मी काढायला लावल्या होत्या. गादी शिवण्यासारखी उरली नसेल तर ते माझ्यामुळे, दुसरं कोणी नाही. दीड तासानं मॅडम बाहेर आल्या. "कड चांगली होती. पाच टाके घेतले." मला रडू आवरेना. बेबीताईंनी मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, सर किती मायाळू आहेत.

पुढं काय झालं ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. कुबड्या सुटल्यावर ती मैदानाला फेऱ्या मारायची आणि मी शिट्टी खिशात ठेवून तिच्याबरोबर चालायचो. पुढच्या भरतीत तिनं आठशे मीटर मारले. गुडघा मॅडमनी शिवला, धीर आईनं दिला, पाय तिचे. यात माझं काय होतं ते आता तुम्हाला कळलं.

तुम्ही शाल दिलीत, प्रेम दिलंत, मी मनापासून आभारी आहे. माझी शिट्टी नवे क्रीडाशिक्षक आदर्श सरांना देतो. सर, पोर दुखते म्हणालं की आधी थांबवा.

मॅडम, मागच्या आठवड्यात मी तुमच्याकडून माझे गुडघे तपासून घेतले. तुम्ही म्हणालात, काही त्रास नाही तर कशाला? मी म्हणालो, निरोपाला लागतील. तुम्ही हसलात आणि म्हणालात, उठाबशासुद्धा काढू शकता.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. मैदानावर झालं ते मात्र घालू नका. मी वीस सांगितल्या होत्या. ती अकराव्या वेळी खाली बसली ती उठली नाही. ती अर्धी आणि पुढच्या नऊ, दहा धरू.

आदर्श सर, हा माईक धरा. धम्मदीपा, इकडं ये. मी कान धरतो. तू मोज, मोठ्यानं मोज.