करंजखिंडीतलं रिकामं कॅरिअर

बसा रे, बसा. काहील उतरायला अजून तासभर आहे. गुळाला घाई केली की गूळ बिघडतो, आणि माणसानं घाई केली की... ए सुभाना! तू कुठं निघालास सायकल काढून? करंजखिंडीतनं जाणार? अवसेच्या रात्री? आणि कॅरिअर असं मोकळं? खाली बस आधी. ती चिपाडं सार चुलवाणात, आणि ऐक. ऐका रे सगळेच.

आपल्या उंबरमळ्यात हैबती म्हणून एक होता. नाव पहिलवानाचं, अंगानं काडी. पण त्याच्या सायकलीचं कॅरिअर! एवढंसं, वीतभर रुंद. त्याच्यावर गड्यानं काय काय वाहिलं म्हणून सांगू? दुधाच्या किटल्या. शिवणयंत्र. शाळेचा फळा. गोणीतनं मुंडी बाहेर काढलेलं करडू. एकदा तर खिडकीची काच, दोन ओल्या पोत्यांच्या मधी घालून आणली, टवका म्हणून उडाला नाही. लोक म्हणायचे, हैबती, जादू आहे का रे तुझ्या हातात? तो म्हणायचा, "जादू न्हाई, रीत हाय." जड खाली, हलकं वर. एका अंगाला किटली, तर दुसऱ्या अंगाला तेवढाच दगड, नाहीतर हँडल ओढतं. बांधायला सुतळी नाही, जुन्या ट्यूबची पट्टी. सुतळी खड्ड्यागणिक ढिली पडते, ट्यूब ओझ्याला कवळा घालून बसते. माणूस न्यायचं तर बुडाखाली गोणपाटाची चौपदरी घडी. आणि बाईमाणूस असलं की निघताना एकच बोल, "पदर आवर, बाई." पदर चाकात गेला की खेळ खलास. हजार वेळा म्हणाला असेल. ध्यानात ठेवा हा बोल, तोच पुढं नडला त्याला.

आणिक एक. मागं न बघता त्याला ओझं कळायचं. पायडलवरनं, नुसत्या पायांनी! मागं गहू आहे का शेंगा आहेत, माणूस आहे का पोतं आहे, पाय सांगायचे त्याला. पोतं मुकाट बसतं. माणूस वळणावर कलतं. एवढी साधी गोष्ट, पण आपल्याला कळते का? नाही कळत.

तर झालं असं. हैबतीची बायको अनशी. पहिलटकरीण. दिवस भरायला पंधरा दिवस होते, आणि अवसेला दिवेलागणीलाच कळा सुरू झाल्या. रात्र झाली, सुटका होईना. शेजारची ठकूमावशी आतनं बाहेर आली, हात पुसत, तोंड एवढंसं झालेलं. म्हणाली, "हैबती, पोर आडवं आलंय. माझ्या हातचं न्हाई हे. जांभळेवाडीच्या चांगुणाक्काला आण. पहाटंच्या आत आण. न्हाईतर दोघं बी जात्याल."

दोघं बी! अरे, काय झालं असेल त्या गड्याचं?

चांगुणाक्का म्हणजे पंचक्रोशीतली सुईण. शेकडो पोरं तिच्या हातावर जन्मली. पण म्हातारीचे गुडघे गेलेले, चालत येणार कशी? कॅरिअरवरच आणायची. सडकेनं जायचं तर तीन कोसांचा वळसा, येईस्तोवर उजाडणार. मधली वाट एकच, करंजखिंड. दिवसासुद्धा लोक तिथनं जोडीनं जायचे. काहीतरी आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक. काय आहे, ते कुणी बोलायचं नाही.

हैबतीनं कॅरिअर मोकळं केलं. गोणपाटाची घडी टाकली, ट्यूबची पट्टी कमरेला गुंडाळली, आणि निघाला.

आता रिकाम्या कॅरिअरचा आवाज कसा असतो, सांगा बघू? खडखड, खडखड! तो वरचा चिमटा नाचतो नुसता. तेवढीच त्याला सोबत. डायनामोचा दिवा पुढं, खडखड मागं. खिंडीचा चढ लागला. चढावर सायकल हळू, म्हणून दिवाही मिणमिणता. खडखड, खडखड... आणि थांबली.

थांबली! चाक चालतंय, खड्डे बसतायत, आणि कॅरिअर गप्प. गप्प कधी होतं कॅरिअर? वर ओझं असतं तेव्हा!

पाय भरून आले त्याचे. आणि पायांनीच सांगितलं त्याला. हे पोतं नव्हे. हे माणूस. बाईमाणूस. वळणावर कलतंय, आणि खड्डा आला की खड्ड्याच्या आधी हलकं होतंय. आपलं आपण उचलून धरतंय. पोटाला धक्का लागू नये म्हणून. अरे, पोटुशी बाईच तशी बसते! मागच्याच बाजाराला अनशी तशी बसली होती.

मागं बघायचं नाही, एवढं शहाणपण होतं त्याच्यापाशी. दात आवळले आणि पायडल हाणत राहिला. तेवढ्यात मागनं फर्र... फर्र... पदर चाकाला लागल्याचा आवाज. आणि बघा हं, सवय म्हणजे काय असते! जन्मभराची सवय. गड्याच्या तोंडातनं निघून गेलं,

"पदर आवर, बाई."

फर्र थांबलं.

झालं! बोलला की तो तिच्याशी! बस म्हणाल्यासारखंच झालं ते. खांद्यावर हात पडला. गार, रांजणातल्या पाण्यासारखा गार. आणि कानापाशी आवाज आला, "जरा हळू घ्या. खड्डं लागत्यात."

करंजाचं वाकडं झाड मागं पडलं. थोड्या वेळानं पुन्हा करंजाचं वाकडं झाड! आणि तिसऱ्यांदा तेच झाड! खिंड संपेचना. तीच वाट, तोच चढ. चकवा म्हणतात तो हाच. छाती फुटायची वेळ आली आणि तिकडं घरात अनशी ओरडत असणार. त्याला रडूच कोसळलं. रडत रडतच म्हणाला, "बाई, कोण असशील ती अस. माझी बाईल अडलीया. चांगुणाक्काला आणायला चाललूय. वाट सोड माझी, तुझ्या पाया पडतू."

मागनं अगदी बारीक आवाज, "चांगुणाक्काकडं?"

"व्हय."

"मलाबी तिथंच जायचंय."

आणि सुटली की वाट! झाड गेलं, खिंड गेली, उतार लागला. जांभळेवाडीची वेस आली, वेशीतला मारुती आला आणि मागं एकदम खडखड, खडखड! कॅरिअर रिकामं. मारुतीच्या पुढं तिला येता येत नव्हतं.

चांगुणाक्कानं दार उघडलं. हैबतीनं सगळं एका दमात सांगितलं. म्हातारी कमरेला बटवा लावता लावता थांबली. "कुठल्या वाटंनं आलास?"

"खिंडीतनं."

"मी येनार न्हाई त्या वाटंनं. आठ वर्सं झाली, दिवसा बी गेले न्हाई."

"आक्का, सडकंनं पोचायचो न्हाई गं आपण! आन् खिंडीत... कॅरिअरवर कुनीतरी बसलं हुतं. बाई. पोटुशी. तुझं नाव काढलं तिनं."

म्हातारी उंबऱ्यावर बसलीच. मग म्हणाली, "कॅरिअर रिकामं हुतं?"

"व्हय."

"माझी हौसा हाय ती." डोळे पुसले नाहीत तिनं, वाहू दिले. "पयल्या बाळातपनाला माहेरी येत हुती. नवरा सायकलीवर. कॅरिअरवर शेंगांचं पोतं, बाजारात घालायचं म्हनून. पोतं उतरिवलं न्हाई त्यानं. माझी पोर भरल्या दिवसांची, सायकलीमागनं चालत आली. खिंडीत कळा सुरू झाल्या. तिथंच गेली. आन् मी? मी त्या दिशी दुसरीकडं कुनाचं तरी बाळातपन करत हुते."

ऐकताय ना? चिपाडं घाला जरा.

म्हातारी उठली. बटवा बांधला. "चल," म्हणाली.

हैबतीनं तिला घडीवर बसवली. आणि म्हातारं माणूस, रात्रीची वेळ, डुलकी लागली तर पडेल, म्हणून कमरेची ट्यूबची पट्टी सोडून तिच्या पाठीमागनं घेतली आणि आपल्या कमरेला गाठ मारली. घट्ट. ही त्याची रीतच. त्या रात्री त्या रीतीनंच तारलं.

वेस ओलांडली. चढ लागला. करंजाची झाडी आली आणि सायकल थांबली. पायडल फिरतंय, साखळी फिरतीय, मागचं चाक जागच्या जागी माती उडवतंय, आणि सायकल तसूभर पुढं सरकत नाही! कॅरिअर मागनं कुणीतरी धरलेलं. वारा नाही, तरी करंजाची पानं गरगरायला लागली. दिवा विझला. आणि काळोखातनं हाक आली,

"आये... उतर ना. माझ्याकडं ये ना, आये."

हैबतीच्या पायांना कळलं, मागचं वजन सरकतंय. डावीकडं. म्हातारी ओढली जात नव्हती रे! म्हातारी आपणहून उतरत होती! आठ वर्षांनी लेकीनं हाक मारली, कुठली आई बसून राहील? ती निघाली, आणि पट्टी ताणली. ताणली, ताणली, हातभर ताणली. हैबतीच्या कमरेत रुतली. पण ट्यूब ती, सोडते होय? हैबती ओरडला, "आक्का! माझी अनशी गं, आक्का!"

म्हातारी थांबली. एक पाय जमिनीला टेकलेला, एक कॅरिअरवर. आणि ती काळोखाशी बोलली, लेकीशी बोलावं तशी. "हौसे, माझे बाये. मला दोनच हात हैत. तुला न्हाई पुरलं गं ते, माझंच चुकलं. पर तिकडं एक पोर तुझ्यावानी अडलीया. तिला तरी पुरू दे."

मग पानं थांबली. मग सायकलीची मागची ओढ गेली. म्हातारीनं पाय वर घेतला.

आणि मग जे झालं ना, ते हैबती म्हातारा होईस्तोवर सांगायचा, आणि सांगताना हात जोडायचा. सायकल चालायला लागली. चढावर! त्यानं पायडल मारलंच नाही. पाय नुसते ठेवलेले. कॅरिअरला मागनं कुणीतरी हात लावला होता आणि ढकलत होतं. जोरात, पण जपून. खड्डा आला की सायकल आपसूक बाजूनं जायची, म्हातारीला एक धक्का नाही! विझलेला दिवा पेटला. चढावर डायनामोचा दिवा असा कधी बघितलाय? दुपार झाल्यासारखी लख्ख खिंड! एक एक खडा दिसत होता. हैबती म्हणायचा, भीती गेली माझी. देवाच्या पालखीत बसल्यावानी वाटलं. खिंडीच्या माथ्यावर हात सुटला. उतारावर मागनं नुसती पावलं वाजत राहिली, सायकलीमागनं चालल्यासारखी. आपल्या वेशीपाशी तीही थांबली.

कोंबडा आरवायच्या आत अनशी मोकळी झाली. मुलगी! रडली तेव्हा सगळा उंबरमळा जागा झाला. नाव काय ठेवलं, ते काय सांगायला पाहिजे? हौसाच. आणि ती ट्यूबची पट्टी, ती पुन्हा आखडली नाही, तशीच हातभर जास्त लांब राहिली.

सकाळी चांगुणाक्कानं गावाला बजावलं. "रिकामं कॅरिअर घिऊन त्या खिंडीतनं कुनी जाऊ नगा. तिला वाटतं, आपल्याला न्यायला आल्यात. तिला आशा लावू नगा." तेव्हापासनं आपल्याकडं सायकलवाला कॅरिअरला काहीतरी बांधल्याशिवाय खिंडीत शिरत नाही. काही नाही मिळालं तर वीट. ओझं दिसलं की ती काही करत नाही. मुकाट बाजूला सरते. तशी सवयच आहे तिला.

एक हैबतीच काय तो वेगळा. त्यानं जन्मभर कधी वीट बांधली नाही. उलट, बाजाराचं ओझं असलं तर खिंडीच्या पायथ्याला उतरायचा, गाठोडं आपल्या डोक्यावर घ्यायचा, आणि रिकामं कॅरिअर घेऊन सायकल हातानं ढकलत चढायचा. लोक म्हणायचे, येड लागलंय. तो म्हणायचा, "बसू दे तिला वाईच. वेशीपतुर तर बसू दे." वाकड्या झाडापाशी खडखड थांबायची. मारुतीपाशी पुन्हा सुरू व्हायची.

पण तो हैबती होता. तेवढी छाती आपली नाही. म्हणून सांगतो, त्या वाटेला रिकामं जाऊ नका. सुभाना, ती बघ चुलवाणाशेजारी वीट आहे. ही घे ट्यूबची पट्टी. बांध.

काय रे? बघत काय राहिलास विटेकडं? तुझ्या बायकोला कितवा महिना?

सातवा? बरं. नको बांधू. ठेव ती वीट खाली. पण मग सायकल हळू चालव. खिंडीत खड्डे फार आहेत.