तितराची बारा अंडी

जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या शिंपीणकाकूंचे कान शेजारच्या सासऱ्या-सुनेकडे लागले होते. सुनेच्या मांडीवर टोपली, टोपलीत तितराची बारा अंडी.

"तितरीण तर गेली. उबवायच्या यंत्रात मावतात सहाच. म्हणून म्हटलं, सूनबाई, गडद सहा निवड. फिक्यांतून पिल्लं कमी निघतात."

"निवडणारच होते, बाबा. पण उरलेल्या फिक्या सहांकडे बघून जीव तुटला."

"मग?"

"कोमट चहात बुडवली. काय सुरेख रंग चढलाय!"

"अगं, चहाने पिल्लू निघतं का?"

"गडद हवीत असं तुम्हीच म्हणालात."

"बरं, यातली मुळातली गडद कुठली?"

"तेच डॉक्टरांना विचारायचंय."

शिंपीणकाकूंनी मांजर सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं आणि टोपलीत नाक घातलं.

"थांबा, चहाचा वास कुठल्या सहांना येतो बघते."