शनिवारची सीडी

आधी एक तक्रार. आत्ताच गणेश बोलून गेला की एलिजाभाऊंना इंग्रजी गाण्यांचा शौक. गणेश, ती इंग्रजी नाहीत, फ्रेंच आहेत. आणि गाणी तर मुळीच नाहीत. नुसती वाद्यं आहेत, कुणी एक अक्षर तोंडातून काढत नाही. तू पदवीधर, मी दुसरीतून शाळा सोडलेली. हे मी तुला सांगायचं?

हं. आता रीतीप्रमाणे. समारंभाचे अध्यक्ष माननीय काळुराम गुरुजी, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती आणि माझे शेजारी एलिजाभाऊ, त्यांना कायमचं न्यायला इस्रायलहून आलेली त्यांची लेक तामार, आणि चहाची वाट बघत बसलेल्या अष्टमीकर बंधुभगिनींनो, सगळ्यांना नमस्कार.

एलिजाभाऊंनी किती रेडिओ दुरुस्त केले ते सगळ्यांनी सांगितलं. मी ते परत सांगत नाही. मी त्या सीडीचं सांगते.

धरमतरच्या जेटीवर एकदा कुणी फ्रेंच इंजिनियर कामाला आला होता. त्याचं वाजवायचं यंत्र बिघडलं, ते भाऊंनी नीट करून दिलं. जाताना तो खूश होऊन एक जाडी डबी देऊन गेला. त्याच्या मुलखातल्या मोठमोठ्या लोकांनी रचलेलं जुनं संगीत, निवडून निवडून एकत्र केलेलं. भाऊ आठवड्याचे सहा दिवस दुकानात लोकांचे रेडिओ कोकलताना ऐकणार. घरी आल्यावर त्यांना आवाज नको. ऐकायची सवड काय ती शनिवारी. आणि शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, ज्यू धर्मातला विसाव्याचा वार. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्याला ‘लाव’ म्हणून सांगायचंही नाही. हन्नावहिनी गेल्यावर तर भाऊ याबाबतीत जास्तच कडक झाले.

एका शनिवारी मी वाटी परत द्यायला गेले. बघते तर डबी टेबलावर, आणि हा माणूस यंत्राकडे असा बघतोय, जसं मांजर शिंक्याकडे. मी म्हटलं, “लावू काय?” हो म्हणेनात, नाही म्हणेनात. छताकडे बघत बसले. मी आपली डबी उघडली, वरची सीडी घातली, बटण दाबलं.

तेव्हापासून सतरा वर्षं, दर शनिवारी दुपारी, मी मोड आलेले वाल घेऊन त्यांच्या ओटीवर जाते, बटण दाबते आणि सोलत बसते. सीडी संपेस्तोवर पातेलंभर डाळिंब्या होतात. सुरुवातीला वाटलं, हे कसलं वाजवणं, ना ताल धरता येत, ना मान हलवता येत. मग एकेक ओळखीचं झालं. तिसरं आहे ना, ते सासूला कळू नये म्हणून पैंजण हातात धरून जिना उतरणाऱ्या सुनेसारखं. सहावं म्हणजे वरातीच्या बेंडला ठेच लागावी तसं. शेवटचं वाजतं तेव्हा मी वाल सोलत नाही. का, ते विचारू नका.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. बांधाबांध करायला माझी नात समीक्षा आली होती. तिनं डबी उघडली, आतली फळी पान उलटावं तशी उलटली, तर खाली दुसरी सीडी! कोरी करकरीत. सतरा वर्षांत तिला कुणाचं बोट लागलेलं नाही.

मी विचारलं, “भाऊ, ही कधीची?”

“पयल्यापासून हाय.”

“मग बोललात का नाय?”

“बोललो असतो तर काम सांगितल्यासारखं झालं असतं, वहिनी.”

“शनिवारी नको, रविवारी सांगायचं!”

“रविवारी सांगितलं तरी ते शनिवारचंच सांगणं.”

“बरं, तुमच्या मनात कुठची होती?”

तर हा गृहस्थ हसला आणि सदऱ्याच्या घड्या घालायला लागला!

तामार म्हणाली, “मावशी, आमच्याकडे मोबाइलवर सगळं मिळतं, हे डबडं कशाला न्यायचं?” भाऊ म्हणाले, डबी यंत्रासकट चंद्रावतीवहिनींना द्या. मी म्हटलं, अख्खी मला नको. भाऊंच्या आवडीची एक त्यांनी न्यावी, उरलेली मी ठेवीन.

यात माझी पंचाईत बघा. त्यांना पहिली हवी असेल, तर सतरा वर्षं मी बरोबर लावली, पण माझी ओळखीची सीडी गेली. आणि मनात दुसरी असेल, तर माझी मला राहिली, पण हा माणूस सतरा वर्षं नको ते ऐकत माझ्यासमोर बसला. दोन्हीकडून थोडं नुकसान माझंच. तरी चालेल. मला खरं काय ते कळू द्या. दुसरी मी अजून ऐकलेली नाही, उत्तर मिळेपर्यंत ऐकणारही नाही.

रडारडीचा मला कंटाळा आहे. माणूस लेकीकडे चालला आहे, चांगलं आहे. हातीपायी धड आहे, तिथं नातवंडं आहेत. मंडळानं मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. जीभ कुठं जास्त चालली असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. गणेश, तूसुद्धा.

आता तो माइक एलिजाभाऊंच्या हातात द्या. पुढच्या शनिवारी माझा हात तुमच्या बटणापर्यंत पोचायचा नाही, भाऊ, तेव्हा सांगायला आता कसलीच आडकाठी नाही. तामार, तू मध्ये बोलायचं नाही. गुरुजी, तुम्ही सारवासारव करायची नाही. पहिली की दुसरी, उत्तर एलिजाभाऊंनीच द्यायचं.