दोन विरुद्ध एक

जिल्ह्याच्या एमएमए स्पर्धेत योगेंद्र जिंकला खरा, पण चेहऱ्याचा पार भोपळा झाला होता. शहाद्याच्या एसटीत तो तोंडावर रुमाल धरून बसला. पुढच्या बाकावर जमनाबाई नवऱ्याला, बन्सीलालना, फैलावर घेत होत्या.

"तीन पंच. एकनी मन्हा भाचाले जितवं, एकनी दुसराले. तिसरा कोन? तुम्ही! घरना मानूस, अन् भाचालेच पाडं."

योगेंद्रने रुमाल आणखी वर ओढला. त्याला जिंकवणारा पंच तो हाच.

"घरना शे म्हनीसन मार्क देऊ का?"

"फोनवर सांगं त्यानी, सगळा वखत तो वर बठेल व्हता!"

"वर बठाना मार्क नई ऱ्हातस. कोनाना मार जड, ते पाहतस. तुन्हा भाचाना मार म्हंजे पाहुनाले पंखा घालाना."

"आते भाऊना घर जेवाले जाई ऱ्हायनूत. काय सांगू त्याले?"

"सांग, नियम शे."

"मंग आज नियमनाच घर जेवा!"

योगेंद्रला हसू फुटलं, फुटलेला ओठ ताणला आणि तो कण्हला. जमनाबाईंनी मागे पाहिलं.

"अरे बापरे! इतलं कोनी मारं रे भाऊ तुले?"

"लढतमा, मावशी. आजच, स्पर्धामा."

"हारना व्हशी बिचारा."

"नई, जितनू."

"ह्या तोंडवर? कोन आंधळा पंच व्हता तो?"

बन्सीलाल खिडकीबाहेरची केळीची बाग मन लावून पाहू लागले. योगेंद्रला त्यांची दया आली.

"तो मांगना थांबावर उतरी गया, मावशी."

जमनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघांमधली पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"मंग हाऊ मन्हा शेजारे कोन बठेल शे?"