तीन वार पुकारणारे तात्या

मंडळी, ऐका! नवविधा भक्तीतली पहिली भक्ती कोणती? — श्रवण! वा, सगळे एका सुरात बोललात. आता दुसरा सवाल. आज घरातून निघताना तुमची बायको काय म्हणाली? सून काय म्हणाली? … गप्प! देवाचं ऐकायला आपण मांडी घालून बसतो, आणि घरच्या माणसाचं ऐकताना एक पाय चपलेत! मग हे श्रवण देवाला तरी पोचत असेल का हो?

म्हणून पुंजारामतात्या बोरस्त्यांची गोष्ट सांगतो.

तात्या कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारायचे. एक वार, दोन वार, तीन वार — सौदा पक्का! बाजारात हे शोभतं. पण तात्या घरीही तेच करायचे! पोरगा वाल्मीक म्हणायचा, "तात्या, मला वाटतं —" की लगेच, "तुला काय वाटायचंय! एक वार, दोन वार, तीन वार!" विषय संपला.

वाल्मीक शिकला आणि नॉर्वेला गेला. तिथल्या एका बेटावर मासे पाळतात, तिथली यंत्रं दुरुस्त करायचा. माणसं थोडी, वारा फार! घरातलं इंटरनेट डोंगराआडून यायचं — यायचं म्हणजे, आपल्याकडे लाईट येते तसं! दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. इथलं बोलणं तिथं उशिरा पोचणार, तिथलं इथं उशिरा. तात्यांना एवढा धीर कुठला? "ऐकू येतंय का? अरे बोल की!" असं हे ओरडेपर्यंत पोराचं वाक्य यायचं, ते यांच्या आवाजाखाली चिरडलं जायचं, आणि कॉल कट! चार वर्षं हेच. चार वर्षांत पोरगा एकदाही घरी आला नाही. तात्यांचा दर वेळी हुकूम — "या दिवाळीला ये!" दर वेळी उत्तर — "बघू." तात्या आतून खचले होते हो, पण सांगणार कुणाला?

शेवटी त्यांची बायको, हौसाबाई, चिडली. "अहो, तुमचं बोलून झालं की मनात तीनपर्यंत मोजा. तुमचं पोचू दे, त्याचं येऊ दे!"

तात्यांनी मोजलं — एकवारदोनवारतीनवार! हौसाबाईनं कपाळाला हात लावला. (पखवाजवाले अण्णा, हसू नका, तुमचंही तेच आहे!)

पण हळूहळू जमलं. एका रविवारी तात्यांनी विचारलं, "येतोस ना रे?" आणि थांबले. एक. दोन. तीन. पडद्यावर वाल्मीकचा चेहरा थिजलेला, तोंड अर्धवट उघडं. पाच. दहा. जन्मात तात्या एवढा वेळ गप्प बसले नव्हते! आणि मग तुटक तुटक आवाज आला —

"तात्या… मी का येत नाही… हे तुम्ही कधी विचारलंच नाही."

तात्यांच्या जिभेवर उत्तर तयार! गिळलं. एक. दोन. तीन.

"घरी आलो की माझं तोंड मिटतं. तुमच्यासमोर एक वाक्य कधी पुरं बोललो नाही मी. हे नेट असं रडतंय म्हणून… आज बोलता आलं."

तात्यांचे डोळे भरले. म्हणाले, "चुकलं माझं, बाळा. बोल तू. मी ऐकतोय." — आणि कॉल गेला!

पोचलं का ते? तिकडं वादळ सुटलेलं. आठ दिवस फोन नाही, निरोप नाही. मंडळी, जन्मात एकदा मनापासून बोललेलं वाक्य, आणि तेच वाटेत हरवलं तर? तात्यांना अन्न गोड लागेना.

नवव्या दिवशी दारात वाल्मीक! वादळ शमल्यावर पहिल्या बोटीनं बेट सोडलं, आणि मिळेल त्या विमानानं थेट घरी. म्हणाला, "'चुकलं माझं' एवढंच पोचलं, तात्या. पुढचं ऐकायला आलो."

दोघं ओट्यावर बसले. वाल्मीक म्हणाला, "तात्या, मला वाटतं —" आणि जुन्या सवयीनं थांबला. तात्यांचे ओठ हलत होते. एक… दोन… तीन…

पोरगा हसला. "तात्या, इथं कुठं नेट अडकलंय?"

"असू दे," तात्या म्हणाले. "आधी तुझं होऊ दे."

मंडळी, आपल्या घरांत मध्ये ना समुद्र, ना वादळ. आवाज लगेच पोचतो, आणि तरी ऐकू येत नाही! रोज शेवटी मी "बोला!" म्हणतो आणि तुम्ही जयजयकार करता. आज मी ते म्हणणार नाही. ते तुम्ही घरी न्या. जे माणूस तुमच्यापुढं गप्प असतं ना, त्याच्यासमोर बसा, चप्पल काढून बसा, आणि म्हणा, "बोल." मग मोजा.

हळू मोजा हो!