अमावस्येला बंद पडणारी जीप

मी मूळचा कागलच्या अलीकडल्या एका खेड्यातला. आता तितं पंचतारांकित एमआयडीसी झालीया, आमच्या टायमाला नुसता ऊस आणि गुऱ्हाळं. माझा बा गुऱ्हाळावर इंजनाकडं हुता, म्हंजे उसाचा चरक फिरवायचं जे डिझेल इंजन असतंय ते चालू करायचं, त्येचं तेलपाणी बघायचं, ते काम. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढीवलं ते आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. आणि मी भित्रा. हे आदीच सांगून ठेवतो, म्हंजे फुडं तुमी हसायला नको. एकदा काय झालं, गुऱ्हाळावर इंजन सुटलं. सुटलं म्हंजे डिझेल बंद केलं तरी थांबंना, स्वतःचंच ऑइल प्यायला लागलं आणि असलं पळायला लागलं, असलं पळायला लागलं, की जमीन हालायली, काळा धूर, माणसं उसात पळाली. बानं भिजलेलं पोतं उचललं आणि हवा वडायच्या तोंडावर दाबून धरलं, तवा ते गुदमरून गप्प झालं. बा हसत हुता. मला ताप भरला. आक्का म्हणाली, हे पोरगं इंजनाच्या वाऱ्याला उभं ऱ्हाणार न्हाय.

आणि नेमकं माझं पोट इंजनावरच लिवलेलं. नव्वद सालाच्या आसपास मी शिवाजी पेठेत एका गॅरेजात लागलो. आमचं मिस्त्री भला माणूस, तोंडानं फटकळ, पण शिकीवलं मन लावून. पेठेत फुटबॉलची मॅच असली की मिस्त्री हातातला पाना तसाच टाकून जायचं, गिऱ्हाईक बोंबलंना का. तवाच्या डिझेल गाड्या म्हंजे सोप्या. डिझेल मिळालं, हवा मिळाली, की चाललं. वायर म्हणशीला तर दिव्याची आणि हॉर्नची. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजनाला लावायचं, मूठ कानाला, आणि ऐकायचं. बिघडणार असलं तर आदी खोकायचं, धूर सोडायचं, चार दिवस कुरकुर करायचं. मला भ्या वाटायचं पण बेतानं, कारण काय हुणार हाय ते कळायचं.

मग दोन हजार सालानंतर ह्या नव्या गाड्या आल्या. सेन्सरवाल्या. काय सांगू तुमास्नी, बोटाच्या पेराएवढी वस्तू, प्लास्टिकची, त्येच्यात दोन-तीन वायरी, आणि अख्खं इंजन तिच्या हुकमावर. एक सेन्सर हवा मोजतोय, एक डिझेलचा दाब मोजतोय, आणि एक असतोय त्यो इंजन फिरतंय का आणि कुठवर फिरलंय त्येच्यावर नजर ठेवतोय, त्येला आमी क्रँक सेन्सर म्हणतो. त्येचा निरोप काँप्युटरला पोचला न्हाय की काँप्युटर म्हणतोय इंजन फिरंना झालंय, मग डिझेल कशाला द्यायचं, आणि देतोय बंद करून. संपलं. खोकणं न्हाय, धूर न्हाय, बोलता बोलता गप्प. माझी खरी भीती तितनं सुरू झाली बघा. गुऱ्हाळावर इंजन थांबत न्हवतं म्हणून भ्यालतो, आता न सांगता थांबतंय म्हणून भ्यायला लागलो.

साफ कराय लागतंय त्येस्नी. हवेच्या सेन्सरात केसापरास बारीक तार असती, तिच्यावर धूळ बसली की गाडी वडत न्हाय. चिंध्या घिऊन पुसायला गेलासा की तुटली. हवेचा पाईप जवळनं मारला की तुटली. स्प्रे मारायचा लांबनं, आणि वाळूस्तवर हात बांधून बसायचं. ह्ये बसणंच आमच्या लोकास्नी जमत न्हाय. गिऱ्हाईक म्हणतंय, काय मिस्त्री, बसायचं पैसं घेतासा व्हय. आणि जोतिबाच्या चैत्राच्या यात्रंनंतर तर बघूच नका, गाड्या सगळ्या गुलालानं माखून येत्यात, फिल्टरात गुलाल, सेन्सरवर गुलाल. मी हात थरथरत काम करतो, लोकास्नी वाटतंय लई नाजूक हात हाय माझा. नाजूक कसला, भ्यालेला हाय.

तर आता आक्काचं सांगतो. आक्काचं मालक, म्हंजे आमचं दाजी, वडाप करायचं. वडाप म्हंजे फाट्यावर माणसं भरायची आणि जीपनं डोंगरावर जोतिबाला न्हेऊन सोडायची. आयुष्य जुन्या जीपवर काढलं त्येनी, ती मोडीत निघाली तवा ही नव्या धर्तीची घेतली, कुणीतरी वापरलेली, पण चांगली हुती. त्या जीपवरच त्येंचं घर. पयलं काही दिवस झ्याक चालली. मग एका अमावस्येला घाटात, चढाला, वळणावर बंद पडली. माणसं भरलेली. आता इंजन बंद पडलं की ह्या गाड्यांचा ब्रेक दगडागत हुतोय, स्टेरिंग हालत न्हाय. जीप मागं सरकाय लागली. खाली दरी. दाजी ब्रेकवर उभं ऱ्हायले म्हणत्यात, अक्षरशः उभं, आणि मागनं दोघा गड्यांनी उड्या टाकून चाकाखाली दगड लावलं म्हणून वाचली. घटकाभरानं चावी मारली तर झाली की चालू, काय झालंच न्हाय असं.

मी बघितली. काँप्युटर लावणाऱ्याकडनं बघून घेतलं, त्येनं सांगितलं क्रँक सेन्सर. मी नवा सेन्सर बसीवला, जुना काढलेल्या जागंवरचं लोखंडाचं कीस पुसून घेतलं, सगळं केलं. जीप महिनाभर पळाली. आणि फुडच्या अमावस्येला परत तितंच, घाटात, गप्प.

मग मातूर तोंडं सुटली. फाट्यावर चहावाल्यापासनं सगळ्यांच्या तोंडी एकच, दाजीची जीप अमावस्येला मरती. कुणीतरी केलंय. आदल्या मालकाचं काहीतरी हाय त्या गाडीत. माणसं दाजीची गाडी सोडून मागच्या गाडीत बसायला लागली, अमावस्या नसली तरी. दाजी दिवसभर रिकामी जीप घिऊन उभं. आणि खोटं कशाला बोलू, मला बी पटलतं. नवा सेन्सर घातलाय, तरी अमावस्या बरोबर धरती, म्हंजे काय? दाजींनी गॅरेजम्होरं जीप लावली की मी आत जायचो, मिस्त्रीस्नी म्हणायचो तुमी बघा, माझी पाठ धरलीया.

आक्का आली एक दिवस गॅरेजात. म्हणाली, शामा, तू गाडीला हात लावंना झालाईस म्हणं. म्हणलं, आक्का, माझं काम न्हाय ते, देवरुषी बघा कुणीतरी. ती काय चिडली वो! म्हणाली, देवरुषी इंजन खोलतोय व्हय? येत्या अमावस्येला सकाळच्या पारी घरी यायचं आणि गाडी चालू झाल्यापासनं बंद पडूस्तवर तिच्याजवळनं हालायचं न्हाय. आईच्या जागी हाय ती मला. न्हाय कसं म्हणणार.

गेलतो. अंगणात जीप धुऊन उभी केलती. आमच्याकडं अमावस्येला गाडीची पूजा करत्यात, लिंबू-मिरची बांधत्यात, नारळ फोडत्यात, हे तुमास्नी म्हाईत असंलच. दाजींनी बॉनेट उघडलं, इंजनाला हळदीकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. मी लांब उभा. मग नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी घेतलं वाटीत आणि भक्तीनं, दोन्ही हातांनी, इंजनावर सोडलं. इंजन गार ऱ्हाऊ दे रं बाबा, असं म्हणत. जुन्या जीपला आयुष्यभर तसंच घातलतं त्येनी. जुन्या जीपला काय हुतंय, लोखंडाचा गोळा तो, पाणी पिऊन ढेकर द्यायचा. पण मी बघतोय तर ते पाणी इंजनावरनं वघळत मागच्या अंगाला, वायरीच्या जुडग्यावरनं, आत कुठंतरी चाललंय.

माझं भ्या तितंच मागं पडलं. पळत गेलो, इंजनाच्या मागं हात घातला. तितं एक जोड असतोय, क्रँक सेन्सरची वायर मोठ्या वायरीला मिळती ते सॉकेट, वरनं दिसत न्हाय, चाचपावं लागतंय. बोटाला चिकट लागलं. सोडवून वर वडलं तर त्येचं रबर कवाच गळून गेलेलं आणि आतल्या पिना हिरव्यागार, तांब्याच्या भांड्याला कळक चढावी तशा. वास घेतला, आंबलेल्या नारळाचा. दर अमावस्येला ताजं पाणी पडायचं, घाट चढताना इंजन तापायचं, हादरायचं, पिना एकमेकीला सोडायच्या आणि निरोप तुटायचा. वाळलं की परत चालू.

आता सुटलो म्हणाल तुमी. कुठलं सुटतोय! दाजीस्नी सांगायचं कसं? त्येनी देवाला भिऊन पाणी घातलेलं, आणि मी म्हणायचं तुमच्या पूजेनं गाडी मरती? सांगितलं शेवटी, नजर खाली घालून. दाजींचं तोंड लाल. म्हणाले, देवाचं पाणी वाईट व्हय रं, शामा? बापजाद्यापासनं घालतोय. आक्का मदी पडली. म्हणाली, देवानं कुठं सांगितलंय इंजनावर घाला म्हणून, रस्त्यावर फोडा की नारळ, देव काय आंधळा हाय? आणि मला म्हणाली, तू कर काम.

सॉकेट स्प्रेनं धुतलं, जुन्या दातांच्या ब्रशनं एक एक पिन घासली, परत धुतलं, उन्हात धरलं. गॅरेजातनं दुसरं रबर आणून बसीवलं, वर पट्टी गुंडाळली, आणि ते जुडगं उचलून पाणी जाणार न्हाय अशा जागी बांधलं. मग म्हणलं, दाजी, आज न्हाय, उद्या जाऊ, रिकामी न्हेऊ, मी आणि तुमी. तर आक्का घरातनं नवं लुगडं नेसून बाहेर. म्हणाली, आजच. अमावस्या हाय तवाच जायचं, न्हायतर लोक बसायचं न्हाईत कवाच. आणि चढून बसली फुडं, दाजीच्या शेजारी.

फाट्यावर गेलो. माणसं बघतायत आणि सरकतायत. आक्कानं खिडकीतनं तोंड बाहेर काढलं आणि असली मोठ्यानं हाळी दिली, चला वो पावणं, मी स्वतः बसलोय, माझ्या भावानं दुरुस्त केलीया, चला! मला वाटलं धरणी फाटावी. माझ्या भावानं म्हणं. एक म्हातारी चढली, तिच्यामागं तिची सून, मग दोघं-तिघं, आणि बघता बघता जीप भरली. मी सगळ्यात मागं, दाराजवळ, मांडीवर हा एवढा धोंडा घिऊन. शेजारचा म्हणाला, पावणं, नवसाचा हाय काय? मी म्हणलं, व्हय.

घाट लागला. काय सांगू तुमास्नी, त्या वाटंवरचं एक झाड मला दिसलं न्हाय. नुसतं कान. दाजींनी गियर टाकला, आवाज पडला, माझा जीव पडला, आवाज परत चढला, माझा जीव चढला, म्हातारी तोंडानं चांगभलं चांगभलं म्हणत हुती आणि मी मनात हिरव्या पिना मोजत हुतो, ही पुसली, ती पुसली, रबर बसलंय न्हवं, पट्टी घट्ट हाय न्हवं, आणि तवर ते वळण आलं, दाजींनी गियर खाली घेतला, जीप पार मंद झाली, मी दार उघडून एक पाय बाहेर काढला धोंडा घिऊन, आणि तिनं एक हुंकार दिला आणि चढली की वर! मी घाईनं पाय आत घेतला. शेजारचा माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

वर पोचलो. माणसं उतरली, गुलालात मिसळली, कुणाला काय म्हाईत त्येंचा जीव कशावर टांगला हुता. दाजी चाकांस्नी हात लावून पाया पडाय लागले. आक्का मातूर उतरंना. मी फुडं गेलो, बघतो तर फुडची धरायची दांडी तिनं दोन्ही हातांनी आवळून धरलेली, बोटं पांढरी पडलेली, डोळं मिटलेलं. म्हणलं, आक्का, उतर, आलो वर. म्हणाली, थांब जरा, दांडी सुटंना झालीया हातातनं. म्हणलं, तू भ्यालतीस? म्हणाली, भ्यालो की, घाट लागल्यापासनं श्वास घेतला न्हाय मी. म्हणलं, मग बसलीस कशाला? तर ती म्हणाली, मी बसलो न्हाय तर दुसरं कोण बसणार हुतं रं? गाडी माझ्या नवऱ्याची आणि काम माझ्या भावाचं.

मी तितं जीपच्या पायरीवर बसून रडलो. लाज वाटायची गोष्ट न्हाय ही, म्हणून सांगतो. लहानपणापासनं मला वाटायचं आक्काला भ्या म्हणून ठाऊकच न्हाय, सगळं भ्या माझ्याच वाट्याला आलंय. तसं न्हवतं. ती भिऊन बसत हुती आणि मी भिऊन पळत हुतो, एवढाच काय तो फरक.

आता बरं चाललंय. दाजी नारळ रस्त्यावर फोडत्यात, बॉनेट बंद करून. फाट्यावर माणसं परत बसाय लागली. गॅरेजात सेन्सरचं काम माझ्याकडंच येतंय, नवीन गाडीत सेन्सर वाढतच चाललेत, आणि माझं भ्या बी. आता ते जाईल असं वाटत न्हाय, आणि जाऊ दे असं बी मी म्हणत न्हाय, त्येच्यामुळं तर सॉकेट दोनदा उघडून बघतो. तुमची बी गाडी सुखानं पोचू दे, पावणं.

कवा आक्काला घिऊन डोंगरावर जायचा परसंग आला, तर फाट्यापातूर आमचं बहीणभावाचं तोंड चालू असतंय, ह्येचं लगीन, त्येचं बाळंतपण. घाट लागला की दोघं गप्प. दाजी आरशातनं बघत्यात आणि म्हणत्यात, काय वो, भांडलासा काय बहीणभाऊ? भांडलो न्हाय वो दाजी, भ्यालोय. तुमी फुडं बघा.