पिवळे फॉग लाइट

माझ्या गाडीच्या पिवळ्या फॉग लाइटला हसताय न्हवं, मग ऐका. हेडलाइट पांढरे झेनॉन. त्यांना शोभावेत म्हणून मी शिरूरच्या दुकानात फॉगचे बल्बबी पांढरेच बसवून घेतले आन् संध्याकाळच्या धुक्यात खुटबावला घरी गेलो. बघतो तर ओसरीवर दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर माझ्या कपातनं चहा पितोय.

आई म्हणाली, "कालव्यावर पिवळं दिवं दिसलं की मी तुझं आधण ठिवते. आज पिवळं दिवं घिऊन ह्यो आला. केलेला चहा मग ह्यालाच दिला. तुझं दिवं कुठं गेलं?"

दुसऱ्या दिवशी जुने बल्ब परत बसवायला गेलो. दुकानदार म्हणाला, "हेडलाइटला मॅच न्हाई व्हायचे."

म्हटलं, "आईच्या चहाला व्हत्यात."